धुळ्याच्या मामांचा कान

माझ्या बायकोच्या धुळ्याच्या मामांना जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात. खूण करून उघडणारी आणि खूण न करता उघडणारी. गरीब-श्रीमंत, शिकलेला-अडाणी, धुळ्याचा-जळगावचा हे बाकीचे भेद त्यांच्या लेखी नंतरचे. मी दुसऱ्या प्रकारातला आहे, असा त्यांचा संशय आमच्या लग्नापासूनचा. पुरावा मात्र मी त्यांना चोवीस वर्षांनी, गेल्या थंडीत, स्वतःच्या हातांनी तयार करून दिला.

आमच्याकडे सासऱ्यांची जुनी पद्मिनी गाडी आहे. जळगावात मेहरूणला आमच्या घराच्या बाजूला पत्र्याखाली ती उभी असते आणि थंडीच्या दिवसांत सकाळी चालू व्हायला जरा कुरकुरते. आता सकाळी उठायला मीही कुरकुरतो. मला कुणी उघडून साफ करत नाही. पण त्या रविवारी मी मोबाइलवर एका हसतमुख गृहस्थाचा व्हिडिओ पाहिला. गृहस्थ म्हणत होता, डिस्ट्रिब्युटर काढा, पुसा, परत बसवा, दहा मिनिटांचं काम. डिस्ट्रिब्युटर म्हणजे इंजिनात खोवलेला एक लोट्याएवढा डबा. त्याच्या डोक्यावर काळी टोपी आणि टोपीतून निघालेल्या जाड वायरी. चार सिलिंडरांपैकी कुणाला ठिणगी कधी द्यायची हे तो ठरवतो. पंगतीतल्या वाढप्यासारखंच त्याचं काम. पान मांडायच्या आधी वाढलं तर सांडतं आणि जेवणारा उठल्यावर वाढलं तर वाया जातं. हे सगळं मला आज कळतं. त्या दिवशी मला फक्त दोन नट दिसले आणि हातात पाना होता.

डबा सुळकन बाहेर आला. मी तो पुसला, चकचकीत केला, फोटोही काढला. मग परत बसवताना लक्षात आलं, की तो कसा बसला होता हे मला आठवत नाही. आतला काटा कुठे बघत होता? समोर? मागे? फोटो होता, पण चकचकीत झाल्यावरचा. मी अंदाजाने बसवला आणि चावी फिरवली. पद्मिनीने एवढ्या मोठ्याने आवाज काढला, की समोरच्या घरातल्या आजींनी कुणाची वरात आली म्हणून गॅलरीत येऊन पाहिलं. कार्ब्युरेटरमधून जाळ झाल्यासारखा वास, माझ्या भुवयांवर काजळी आणि दारात पिठाच्या हातांनी उभी असलेली बायको.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "खूण केली होती?"

मी भुवया पुसल्या.

"मग मामाला बोलवावं लागेल," ती म्हणाली. आणि त्या वाक्यात, स्फोट झालेल्या घरात शोभणार नाही इतका, आनंद होता. त्याचं कारण नंतर सांगतो. आधी मामा सांगायला हवेत.

मामा धुळ्याला देवपुरात राहतात. घरामागे पत्र्याची शेड आहे आणि त्या शेडीत त्यांनी पन्नास वर्षं गाड्यांचं टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावलं. बाकीचंही सगळं करायचे, पण ते नाइलाजाने. ब्रेक, क्लच, पाटे ही कामं ते कोऱ्या चेहऱ्याने उरकत. टायमिंगचं काम आलं, की हात धुऊन येत. खूण करणं हा त्यांचा धर्म. काहीही उघडण्यापूर्वी पांढऱ्या रंगाची एक रेघ या भागावर, एक त्या भागावर, म्हणजे परत बसवताना रेघेला रेघ मिळाली की झालं. हा धर्म ते इंजिनापुरता ठेवत नाहीत. त्यांच्या घरातल्या कुकरच्या झाकणावर रेघ आहे, मिक्सरच्या भांड्यावर आहे, पाण्याच्या टाकीवर आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आत नेताना त्यांनी डॉक्टरांना विचारलं होतं, "खूण कोठे करशात?" डॉक्टर हसले. मामा हसले नाहीत. डोळा बांधून बाहेर आल्यावर मामींना म्हणाले, "मानूस चांगला शे, पन बिनखुनाना शे." म्हणजे माणूस चांगला आहे, पण खूण न करणारा.

दुसरी गोष्ट लग्नपत्रिकांची. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात सीबी पॉइंट नावाची दोन इवलीशी टोकं असतात. ती उघडली की ठिणगी पडते. ती किती उघडावीत याचं माप असतं आणि ते मोजायला पोलादी पट्ट्यांचा जुडगा बाजारात मिळतो. मामांकडेही आहे. पण त्यांचा विश्वास लग्नपत्रिकेवर. हव्या त्या जाडीची पत्रिका निवडायची, तिचा कोपरा कापायचा आणि तो त्या फटीत सरकवून बघायचा. अडकला पाहिजे, पण फाटता कामा नये. त्यामुळे मामांच्या घरी पत्रिका आली, की ते वधूचं नाव, वराचं नाव, मुहूर्त यांतलं काही वाचत नाहीत. अंगठा आणि बोट यांत धरून जाडी बघतात. पातळ निघाली तर, "हाई पत्रिका शे का पतंग?" असं म्हणून मामींकडे देतात. त्या लग्नाला मामी एकट्याच जातात. जाड, घट्ट, न वाकणारी पत्रिका आली, की मात्र मामा इस्त्रीचे कपडे घालून सहकुटुंब हजर, आणि मुलीच्या बापाला कोपऱ्यात घेऊन विचारणार, "अजून चार-पाच उरल्यात का हो?" आमच्या लग्नाची पत्रिका त्यांनी कितीतरी वर्षं वापरली, असं मला सांगतात. तिच्यावर धुळ्यातल्या निम्म्या गाड्या चालल्या. संसारातला माझा हा एवढाच सार्वजनिक उपयोग.

आणि जेवण. इंजिन उघडं असेल तोवर मामा जेवत नाहीत. दुपारचे तीन वाजोत, चार वाजोत. एकदा मी त्यांना आग्रह केला, तर म्हणाले, "जवाई, रोग्याचं पोट उघडं ठेवून डॉक्टर भाकर खातो का?" मी म्हणालो, खात नसावा. तर म्हणाले, "मग मला का पाप लावता?" मामी हा सगळा प्रकार ओळखून असल्यामुळे, सकाळी मामांना नुसतं विचारतात, "आज काढनं शे का लावनं शे?" काढणं असेल तर भाजी उशिरा टाकतात.

पण हे सगळं वरचं वरचं. मामांचं खरं भांडवल म्हणजे त्यांचा कान. रेघ आणि पत्रिका यांनी टायमिंग जवळपास लागतं. पूर्ण लागत नाही. शेवटचा तीळभर फरक गाडी चालू ठेवून, डिस्ट्रिब्युटरची मान हातात धरून, इकडे किंवा तिकडे किंचित वळवून काढायचा असतो. आणि तो मामा डोळे मिटून, कानाने काढत. गाडी घेऊन येणारा आपली तक्रार सांगू लागला, की ते हात वर करत. "तुम्ही नका सांगू. तिलाच सांगू द्या." मग बॉनेटवर वाकून, गाणं ऐकायला बसलेल्या माणसासारखी मान डोलवत ऐकत राहत. दोन मिनिटांनी, "चढावर वाजते ना?" माणूस चकित. "आणि तिसऱ्या गिअरमध्ये जास्त?" माणूस खिशात हात घाली. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, कुठून कुठून लोक या कानासाठी देवपुरात येत.

तीन-चार वर्षांपासून त्यांनी फोन उचलणं कमी केलं. उचललाच तर "रेंज नही, रेंज नही" म्हणून मामींकडे देत. कान कमी झालाय, हे आमच्या हिने सगळ्यात आधी ओळखलं. मला म्हणाली, "रेंज नाही म्हणायला तो कोपऱ्यात नाही, अंगणात उभा असतो." पण ती मामांशी त्याबद्दल काही बोलली नाही. मामांचं मामांनाही ठाऊक असणारच. नव्या गाड्यांना डिस्ट्रिब्युटरच नसतो, त्यामुळे शेडीत येणाऱ्या गाड्या मोजक्या उरल्या होत्या आणि त्या सगळ्या ओळखीच्या आवाजाच्या. ते हाताला सवय होती त्यावर निभावत होते.

मग त्या थंडीआधीच्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. देवपुरातल्याच एका निवृत्त प्राध्यापकांची जुनी गाडी मामांनी लावून दिली. नेहमीप्रमाणे विचारलं, "कशी शे?" प्राध्यापक म्हणाले, "झकास! आपला हात म्हणजे काय!" पेढे देऊन गेले. चार दिवसांनी मामा दूध आणायला निघाले, तर तीच गाडी पारोळा रोडच्या एका गॅरेजमध्ये बॉनेट उघडून उभी. आत कुणीतरी डिस्ट्रिब्युटर फिरवतंय आणि प्राध्यापक शेजारी खुर्चीवर. त्यांनी मामांना पाहिलं आणि वर्तमानपत्र वर केलं.

मामा दुधाशिवाय घरी आले. पाने, पेचकस, हँडल, पत्रिकांचे कोपरे ठेवायचा पत्र्याचा डबा, सगळं ऑइलच्या फडक्यात गुंडाळलं आणि शेडीला कुलूप लावलं. मामींनी हिला फोनवर सांगितलं, "माय, कान गया त्यानं दुःख नही त्यास्ले. त्या मास्तरनी 'झकास' म्हनं, ते लागनं." कान गेला त्याचं काही नाही, समोरच्याने खोटं सांगितलं, ते लागलं. त्यानंतर सहा महिने मामा ओट्यावर बसून होते. मुलगा म्हणत होता, शेड पाडून भाड्याची खोली बांधू. मामा म्हणत होते, बांध. आणि ते 'बांध' म्हणाले याचीच आमच्या हिला काळजी लागून राहिली होती. जो माणूस कुकरचं झाकण बदलू देत नाही, तो शेड पाडू देतोय, म्हणजे त्याचं मनच उठलंय, असं तिचं म्हणणं.

म्हणून त्या रविवारी तिला आनंद झाला. तिने मामींना फोन लावला आणि एकच निरोप दिला, "मामाला सांग, जवाईनी डिस्ट्रिब्युटर खूण न करता काढला." पलीकडून मामींचा आवाज, मग मागून मामांचा मोठ्ठा, "काय?" मामी म्हणाल्या, "पाने गुंडाळेल व्हतात, त्या सोडी राह्यना." गुंडाळून ठेवलेले पाने मामा सोडत होते.

सोमवारी पहिल्या एसटीने मामा हजर. पायजमा, स्वेटर, डोक्याला मफलर, हातात जड कापडी पिशवी. मी शाळेला सुट्टी टाकली होती. मी भूगोल शिकवतो. वाकून नमस्कार करायला गेलो, तर आशीर्वाद बाजूलाच.

"जवाई, व्हिडिओ पाहिला म्हणे?"

"हो मामा."

"तो माणूस आला नाही बसवायला?"

चहा झाला. मामांनी पहिल्या सिलिंडरचा प्लग काढला, त्या भोकावर माझा अंगठा दाबून ठेवायला सांगितला आणि स्वतः पुढून हँडल हळूहळू फिरवू लागले. थोड्या वेळाने माझा अंगठा आतून कुणीतरी ढकलल्यासारखा झाला आणि फुस्स करून हवा निघाली. मी ओरडलो. मामांनी हँडल तिथेच धरलं, खाली वाकून पुलीवरची खूण बघितली आणि म्हणाले, "हाई खरं. पिस्टन दोनदा वर येतो, जवाई. एकदा हवा दाबून, एकदा धूर सोडून. ठिणगी दाबलेल्या हवेला द्यायची. तुम्ही धूर सोडायच्या वेळी दिली. ती ओरडेल नाही तर काय करेल?"

पृथ्वी स्वतःभोवती किती वेळा फिरली म्हणजे सूर्याभोवती एकदा फिरते, हे मी पंचवीस वर्षं मुलांना शिकवतो आहे. इंजिन दोनदा फिरतं तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकदा फिरतो, एवढं साधं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. मी तसं म्हणालो. मामा म्हणाले, "तुमच्या पोरांचं नशीब, की पृथ्वी तुम्हाला उघडता येत नाही."

पुढचं काम त्यांनी बघण्यासारखं केलं. काटा पहिल्या वायरीकडे वळवून डबा अलगद खाली सोडला. पत्रिकेचा कोपरा घालून सीबी पॉइंट लावले. मग एक छोटा बल्ब जोडला आणि डबा केसभर फिरवला. टोकं उघडली त्या क्षणी बल्ब पेटला. तिथे नट हलका आवळला. दोन पांढऱ्या रेघा ओढल्या, एक डब्यावर, एक इंजिनावर, आणि ब्रश माझ्यापुढे धरून म्हणाले, "हाई खूण. पाहून घ्या. जन्मात पाहिली नसेल." चावी मी फिरवली. पद्मिनी एका झटक्यात चालू झाली. मी टाळ्या वाजवल्या. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत आली. आत वांगी भाजून झाली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्यांचं पीठ मळून तयार होतं, पण मामा असताना इंजिन उघडं आहे तोवर कढई चढणार नव्हती.

आता कानाचं काम. मामांनी मफलर सोडला, डिस्ट्रिब्युटरची मान धरली, डोळे मिटले. इकडे किंचित. तिकडे किंचित. इंजिनाचा आवाज कधी भरल्यासारखा होई, कधी पातळ. मला सुद्धा फरक कळत होता. मामांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. एकदा आवाज अगदी एकसारखा लागला आणि मला वाटलं, झालं. तर मामा त्यावरून पुढे गेले, जसं आपण ओळखीच्या घरावरून अंधारात पुढे निघून जातो. बराच वेळ गेला. शेवटी त्यांनी नट आवळला, उभे राहिले आणि कुणाकडे न बघता म्हणाले, "चला. फिरवून पाहू."

मी चालवायला, मामा शेजारी, ही मागे. मामांनी तिला "तू काय करशी?" विचारलं, तर म्हणाली, "मला भाजीला लागणारी मिरची घ्यायचीय." मिरची घरात होती. आम्ही मेहरूणमधून बाहेर पडून नशिराबादच्या रस्त्याला लागलो. सपाटीला गाडी अशी पळाली, की मी गुणगुणू लागलो. वाटेत एका पुलाचा चढ आहे. मामा म्हणाले, "टॉपमध्येच ठेवा. गिअर पाडू नका. दाबा." आणि त्यांनी चप्पल काढून अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवला, कान लावावा तसा.

चढ लागला आणि इंजिनातून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात फुटाणे घालून हलवावेत तसा. खडखड-खडखड-खडखड. ठिणगी लवकर पडते आहे, पान मांडायच्या आधीच वाढलं जातं आहे, याचा तो आवाज. मामांच्या तोंडून मी तो इतक्या वेळा वर्णन केलेला ऐकला होता, की न शिकता ओळखला. मी समोर रस्त्याकडे बघत राहिलो.

मामा म्हणाले, "वाजस का?"

पन्नास वर्षांत या माणसाने गाडी वाजते का, हे दुसऱ्याला विचारलं नव्हतं. लोक त्यांना विचारायचे. मला त्या दोन शब्दांत शेडीचं कुलूप दिसलं, ओट्यावर बसलेले मामा दिसले. सत्तरी ओलांडलेला माणूस पहिल्या एसटीने थंडीत आला, सकाळपासून उपाशी आहे, त्याला मी, डिस्ट्रिब्युटर उलटा बसवणारा मी, काय तोंडाने सांगू, की मामा, तुम्हाला लागलं नाही? मी म्हणालो, "छे हो मामा! लोण्यासारखी चाललीय. झकास!"

मामांनी मान हलवली. पाय तसाच तळाला टेकलेला होता. मग हळूच तो उचलून त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. ती सापडेना. पायाने इकडे तिकडे चाचपडत राहिले. मला वाटलं, आपण फार चांगलं केलं.

मागून ही म्हणाली, "वाजते, मामा."

मी आरशात तिच्याकडे रागाने बघितलं. ती आरशात नव्हतीच. दोन्ही सीटच्या मधे पुढे वाकली होती. मामा वळले नाहीत. त्यांना ऐकू गेलं नाही असं वाटून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्याने, एकेक शब्द मोकळा करून म्हणाली, "चढावर वाजते. फुटाण्यासारखी. तू जास्त पुढे घेतलंस."

पूल संपला. मामा म्हणाले, "उभी करा."

मी कडेला घेतली. मनात म्हटलं, झालं. आता पिशवी उचलून पुढची एसटी पकडतात. मामा उतरले, बॉनेट उघडलं, नट सैल केला. तापलेल्या इंजिनात हात घालून डबा तीळभर फिरवला, नट आवळला आणि आत येऊन बसले. चप्पल घातलीच नाही. "मागे घ्या. परत चढवा."

आम्ही वळून परत पुलाच्या पायथ्याशी आलो आणि चढलो.

"आते?"

ही म्हणाली, "वाजते. पण कमी."

परत उतरणं, बॉनेट, नट, तीळभर. तिथे रस्त्याकडेला केळीचा ट्रॅक्टर थांबवून एक शेतकरीदादा चाक बघत होता. त्याने आम्हाला तिसऱ्यांदा चढताना पाहिलं आणि ओरडला, "काय हरवलं का पुलावर?" मामांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "सापडत आलं!" ते ओरडले. आणि त्या आवाजात काहीतरी असं होतं, की मी गाडीचा वेग वाढवायला विसरलो आणि "दाबा, जवाई, दाबा!" अशी शिवीमिश्रित आज्ञा मला मिळाली. शिवी लिहिण्यासारखी नाही. गेल्या सहा महिन्यांत ती कुणाला मिळाली नव्हती.

"आते?"

ही आणखी पुढे वाकली. चढ निम्मा गेला, पाऊण गेला. पद्मिनी जड श्वासाने, पण एकसारखी वर चढत होती. फुटाणे नव्हते.

"आता नाही, मामा."

"खरं सांग."

"तुला खोटं सांगून मला काय मिळणारेय? नाही वाजत."

मामांनी अनवाणी पाय तळाला दाबला आणि पूल उतरेपर्यंत तसाच ठेवला. मग म्हणाले, "कान शे पोरले." पोरीला कान आहे. जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "काही लोकांना नसतो." मी रस्त्याकडे बघून गाडी चालवली.

घरी येऊन त्यांनी जुन्या रेघा पुसल्या, नव्या जागी नव्या ओढल्या, बॉनेट लावलं, हात धुतले आणि साडेतीन वाजता जेवायला बसले. भरीत तीनदा घेतलं. कळण्याच्या पुऱ्या मोजायच्या नाहीत असा आमच्या घरात नियम आहे. जेवता जेवता ते हिला सांगत होते, प्राध्यापकांच्या गाडीला हीच भानगड झाली असणार, पुढे गेलं असणार. "मन्हा हात पुढे जास आते. कान सांगत नही, म्हनीसन हात पुढे जास." माझा हात आता पुढे जातो, कान थांबवत नाही म्हणून जातो. एवढं सरळ, मिठाची वाटी मागितल्यासारखं, त्यांनी ते सांगितलं. ही म्हणाली, "मग हाताला सांग, थोडं मागे." मामा म्हणाले, "सांगसू. पन कोनी तरी 'वाजस' म्हननारं पाहिजे ना, माय." आणि पुरीचा तुकडा मोडला.

संध्याकाळी आम्ही त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीत बसले. बस निघायला वेळ होता. कंडक्टर चहा पीत होता. मामांनी खिडकीतून हिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सकायना उठीसन शेड झाडनी पडी. सहा महिनानी धूळ शे." सकाळी उठून शेड झाडावी लागेल. ही म्हणाली, "मुलगा खोली बांधतोय ना तिथे?" मामा म्हणाले, "बांधी दुसरीकडे. जागा काय कमी शे?" मला म्हणाले, "जवाई, शाळेत जात जा." बस गेली. पारोळ्याच्या दिशेला तिचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत ही तिथेच उभी होती.

परत येताना गाडी मीच चालवत होतो. मला जरा वाईट वाटत होतं, जरा तिचा अभिमान वाटत होता आणि खरं सांगायचं तर जरा जळतही होतो. शेवटी म्हणालो, "तुझा कान मामांवर गेलाय, हे मला चोवीस वर्षांत कळलं नाही."

ती हसली. "माझा कसला कान! मागची काच वर होत नाही या गाडीची. वाऱ्यात मला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. फुटाणे तर मी लहानपणापासून मामाच्या तोंडून ऐकलेत. मी तुमच्या मानेकडे बघत होते. वाजायला लागलं, की तुम्ही मान खांद्यात ओढून घेत होतात. तिसऱ्या वेळी नाही ओढली."

मी मान सरळ केली. घराच्या वळणाला गाडी आली तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ऐकू तुम्हालाच येत होतं. पुढच्या वेळी तुम्हीच सांगा त्याला. अजून किती वेळा विचारणार आहे तो?"